निर्व्यसनी माणसाचा विमा

आमच्या घराची वाटणी जमिनीवरून झाली नाही, सिगारेटीवरून झाली.

जमीन वाटण्याजोगी उरलीच नव्हती म्हणा. भाजे गावी डोंगराच्या पायथ्याशी भाताची दोन खाचरं आणि लेण्यांच्या वाटेवर भाऊची चहा-भज्यांची टपरी, एवढीच आमची इस्टेट. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. तो, वहिनी आणि आई गावी राहतात. मी आणि माझी बायको सुनीता तळेगावात, फ्लॅटमध्ये. मी एका कारखान्याच्या ऑफिसात कामगारांच्या हजेरीचं बघतो, म्हणजे कोण उशिरा आला आणि कोण लवकर पळाला हे लिहून ठेवण्याचा मला पगार मिळतो. दुसऱ्याच्या चुका टिपायची सवय एकदा हाताला लागली की ती रविवारीसुद्धा सुटत नाही.

भाऊ सिगारेट ओढतो. भज्यांचा घाणा काढला की एक, कुणी "भैया, चटणी और दो" म्हणालं की एक, आणि ते गिऱ्हाईक गेलं की सुटलो म्हणून एक. मी ओढत नाही. नुसता ओढत नाही असं नव्हे, मी न ओढण्याचं कार्य करतो! आमच्या सोसायटीच्या जिन्यात 'धूम्रपान करू नये' अशा पाट्या मी स्वखर्चाने लावल्या आहेत. (प्रत्येक मजल्यावर. लिफ्टमध्येही. गच्चीवर लावायला गेलो तेव्हा चेअरमनसाहेब तिथेच ओढत उभे होते. स्टूल त्यांनीच धरलं.)

तर हे सगळं सुरू केलं आमच्या मामेभावाने, राजूने. राजूने आजवर पाण्याचे फिल्टर विकले, मग मुंबईकरांना बंगल्याचे प्लॉट दाखवले, आणि आता तो आरोग्यविम्याचा एजंट झाला होता. एका रविवारी तो भाज्याला आला. आम्ही सगळे तिथेच होतो. त्याने ओसरीवर कागद पसरले आणि म्हणाला, "पाचही जणांची मिळून एकच पॉलिसी घ्या. सोयीची पडेल. फक्त भाऊ ओढतात, तिथं 'होय' लिहावं लागेल. त्यामुळे हप्ता जरा चढेल."

"कुणाचा चढेल?" मी विचारलं.

"पॉलिसी एकच ना सुरेशदा. मग सगळ्यांचाच."

झालं! मी उभाच राहिलो. अशा वेळी मला बसून बोलता येत नाही.

"का म्हणून? धूर ह्याने काढायचा आणि पैसे मी भरायचे? ओढणाऱ्याने जास्त भरलंच पाहिजे! माझ्या मते दुप्पट! ज्याला सवय सोडायची नाही त्याला झळ बसल्याशिवाय कळत नाही. ह्याच्या छातीचं बिल माझ्या खिशातून का जावं?"

भाऊने भजी तळताना झारा हलवावा तशी मान हलवली. "आन् तू तळेगावावरनं हेल्मेट न घालता येतोस, त्येचं काय?"

"हेल्मेट असतं माझ्याजवळ! डिकीत असतं!"

"डिकीला डोकं हाय का?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मी म्हणालो, विषय बदलू नकोस. भाऊ म्हणाला, मी कुटं बदलतोय, तूच डोक्यावर गेलास. एवढ्यात मागच्या दारातून आई चूळ भरून आत आली. आई सकाळी दात घासते, दुपारी जेवणानंतर घासते, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी घासते. एवढी स्वच्छ बाई अख्ख्या मावळात नसेल, असं मी ऑफिसात किती तरी जणांना सांगितलेलं आहे. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "सुरेस बरूबर बोलतोय. जो करंल त्यानं भरावं. त्यात काय चुकलं?"

आईचा कौल मिळाल्यावर मला जोरच आला. मी राजूला म्हटलं, दोन पॉलिसी कर. भाऊ-वहिनीची एक, मी, सुनीता आणि आई अशी निर्व्यसनी माणसांची एक. वहिनी भडकली.

"आन् मला का त्यांच्यात ढकलता, भावजी? म्या कवा वडली?"

"तुम्ही त्याच्याशी लग्न केलंय, वहिनी."

"म्या कुटं केलं? तुमच्या आबांनी लावून दिलं!"

पण माझा निर्णय झाला होता. भाऊने त्याच्या कागदावर 'होय' लिहिलं आणि निमूट सही केली. मी माझ्या कागदावर तिघांच्या नावापुढे तीनदा 'नाही' लिहिलं. शेवटचं 'नाही' तर इतकं दाबून लिहिलं की ते मागच्या पानावर उमटलं. 'वरील माहिती खरी आहे' ह्याच्या खाली माझी सही मोठी आली.

मग तपासणी. आईचं वय झालेलं, तेव्हा कंपनीचा माणूस घरी येऊन रक्त आणि लघवी घेऊन जाणार होता. एकाच खेपेत सगळ्यांचं उरकावं म्हणून आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा भाज्याला जमलो. कंपनीचा माणूस सकाळीच आला, चांगला सभ्य होता. त्याने प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावलेली बाटली दिली आणि आईला म्हणाला, "आजी, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"न्हाई. पन थांब जरा, दात घासून येते."

"आजी, आधी रक्त देता का?"

"पारोशा तोंडानं सुई टोचून घिऊ? दात घासनं म्हंजी खानं व्हय रं?"

तो बिचारा थांबला. आईने निवांत दात घासले. त्यानंतर भरलेल्या बाटल्या ठेवायच्या कुठे ह्यावर वाद झाला. मी सपाट जागा म्हणून त्या तुळशीच्या कट्ट्यावर मांडायला निघालो होतो. आई अशी ओरडली की खालच्या आळीची माणसं बाहेर आली. शेवटी मोरीच्या भिंतीवर पाच बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या, आणि त्या पडू नयेत म्हणून वहिनी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली.

आठवड्याभरात राजूचा फोन आला. मी ऑफिसात होतो.

"सुरेशदा, बसलायस का?"

"बसूनच काम असतं माझं. बोल."

"लघवीत तंबाखू निघालाय."

"अरे, भाऊच्या निघणारच! मी काय सांगत होतो?"

"भाऊंच्या निघाला, पण त्यांनी 'होय' लिहिलंय ना, त्यांची पॉलिसी पास झाली. हप्ता थोडा जास्त लागला, बाकी काही नाही. मी आत्यांचं सांगतोय. आत्यांच्या निघालाय."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. आईच्या? तंबाखू? मी साहेबांना घरी अडचण आहे म्हणून सांगितलं (माझ्याच हजेरीवर मीच अर्धी सुट्टी मांडली!) आणि स्कूटर काढून तडक भाज्याला निघालो. वाटेत कामशेतपर्यंत मी विचार करत होतो आणि कामशेतच्या पुढे मला उत्तर सापडलं. बाटल्या बदलल्या होत्या! बदलणारा कोण? ज्याला सगळ्यांनी जास्त भरावं असं वाटत होतं तो!

टपरीवर चार-पाच पर्यटक चहा पीत बसले होते. मी स्कूटर स्टँडला न लावताच ओरडलो, "भाऊ! आईच्या बाटलीत तू काय केलंस?"

"कंच्या बाटलीत?"

"लघवीच्या! तिच्या बाटलीत तुझी भरलीस! दोन्ही बाटल्या तू भरल्यास!"

पर्यटकांनी कप खाली ठेवले. एक बाई आपल्या कपात वाकून बघायला लागली. भाऊच्या हातात झारा होता, आणि तो झारा त्या दिवशी माझ्या डोक्यात बसला असता तर मी आज तक्रार केली नसती.

"सुऱ्या, तुजं डोकं फिरलंय का? म्या आयेची बाटली भरू? आरं, माजी मला भरंना, तास लागला!"

आरडाओरडा ऐकून आई घरातून खाली आली. तिला कळलं मात्र, ती भाऊला सोडून माझ्यावरच घसरली. "माजं मला भरता येतंया! म्या काय कुकुलं बाळ हाय? चारचौघांत काय बोलावं ह्याची लाज हाय का तुला?" पर्यटक पैसे ठेवून निघून गेले. भज्यांची बशी तशीच राहिली.

बाटल्यांचा मुद्दा पडला, तर मी दुसरा काढला. भाऊ घरात ओढतो, तो धूर आई गिळते, म्हणून तिच्या लघवीत तंबाखू. वहिनी म्हणाली, मग माझ्या का नाही निघाला? मी स्कूटर वळवली आणि घरी येऊन कंपनीला पत्र लिहिलं. चांगलं लांबलचक लिहिलं. आमच्या घरात तंबाखूला थारा नाही, माझी माता आजन्म निर्व्यसनी आहे, तुमच्या प्रयोगशाळेने अक्षम्य घोटाळा केला आहे, आणि मी ग्राहक मंचात जाईन. सुनीताने वाचून बघितलं आणि म्हणाली, "अहो, एकदा आईंनाच विचारा ना." मी म्हटलं, आईला काय विचारायचं? ती का खोटं बोलणार आहे?

सुनीताचं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

कंपनीने पुन्हा तपासणी ठरवली. ह्या वेळी तळेगावातल्या त्यांच्या डॉक्टरबाईंसमोर. मी आईला घेऊन गेलो. भाऊ टपरी बंद करून मागे आला. म्हणाला, "माज्यावर आळ हाय. म्या समोर ऱ्हानार." दवाखान्यात आम्ही तिघे एका ओळीत बसलो, मी आणि भाऊ एकमेकांकडे न बघता, आणि मधे आई.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी आईला विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?"

"न्हाई बया!"

"विडी वगैरे?"

"शिव शिव! बाईमानूस हाय म्या."

मी भाऊकडे विजयी नजरेने बघितलं.

"मशेरी लावता?"

"ती लावते की," आई म्हणाली. "दात घासाया लागत्यात का न्हाई?"

खोलीत पंखा फिरत होता. मला तो एकदम मोठ्याने ऐकू यायला लागला.

"आजी, मशेरी म्हणजे तंबाखूच ना?"

"न्हाई वो डाक्टरीनबाई. तंबाकू येगळी. मिसरी जाळल्याली आसती. तव्यावर काळी केली की समदं इख जळून जातं. माज्या सासूनं लावाया दिली, पयल्या बाळतपनात दात दुकत व्हते तवा. तवापासनं कदी दातात कळ न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरची चूल आली. महिन्यातून एकदा आई तव्यावर तंबाखूचं पान भाजायची आणि घरभर असा ठसका उठायचा की शेजारच्या बायका दारं लावून घ्यायच्या. भाऊ, सिगारेट ओढणारा भाऊ, खोकत अंगणात पळायचा आणि म्हणायचा, "आये, धूर लय झाला!" आणि मी? मी नाकाला रुमाल लावून म्हणायचो, आईचं दंतमंजन चाललंय. त्या पानाची पुडी तिला तळेगावच्या बाजारातून चांगल्यातली निवडून कोण आणून द्यायचं, हे मी इथे लिहिणार नाही. (भाऊ नाही.)

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, पुडीवर चित्र असतं ना? सडलेल्या तोंडाचं?"

"आसतंय की."

"मग?"

"ज्या बाया मिसरी लावीत न्हाईत, त्यांचं तोंड हाय ते."

भाऊ आधी हसला. मग मीही हसलो. आम्ही दोघे भाऊ असे खदखदून हसत होतो आणि डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी टॉर्च काढली आणि म्हणाल्या, "आजी, तोंड उघडा बघू."

आईने उघडलं. बाईंनी गाल बाजूला ओढला, खालचा ओठ मुडपला. बराच वेळ बघितलं. आमचं हसू आपोआप थांबलं. त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. ओठाच्या आत, जिथे आई बोटाने मशेरी लावते तिथे, एक पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला लाल झालं होतं. आईच्या तोंडात मी लहानपणानंतर पहिल्यांदाच बघत होतो.

"तिखट लागतं का, आजी?"

"लय लागतं. थोरली सून हात मोकळा सोडून मिरची टाकती."

हे मात्र मला ठाऊक होतं. वर्षभर आमच्या घरात वहिनीच्या कालवणावरून रुसवेफुगवे चालले होते. आई ताट सारायची, वहिनी डोळे पुसायची, आणि मी तळेगावाहून जाऊन वहिनीला सांगायचो की म्हाताऱ्या माणसाला जरा बेताचं करावं. बिचारी एकेक मिरची कमी करत गेली होती. शेवटी शेवटी तर ती नुसतं मीठ आणि हळद घालायची, तरी आईला तिखटच लागायचं.

डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विम्याचं नंतर बघा. ह्याचा तुकडा काढून तपासायला हवा. लवकर."

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? आईकडे बघेल. मी काय केलं? दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून कंपनीला फोन लावला! तुकडा काढायचा, पुढे काय निघेल कोण जाणे, खर्च कितीवर जाईल कोण जाणे. पॉलिसी हातची जाता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. तिकडे एक मुलगी बोलत होती.

"मॅडम, माझी आई ओढत नाही हो! ती लावते!"

"तंबाखूच ना, सर?"

"पण तिला माहीत नव्हतं! सासूने शिकवलं. दात दुखत होते तिचे. अख्खं गाव लावतं. तिला कुणी सांगितलंच नाही. अशा माणसाला तुम्ही शिक्षा करणार?"

"सर, शिक्षा नाही. नियम आहे. ज्यांना सवय आहे त्यांना जास्त भरावं लागतं. नाहीतर त्यांच्या सवयीचा खर्च बाकीच्यांवर जातो ना?"

"बाकीच्यांवर गेला तर काय बिघडतं?" मी ओरडलो. "म्हाताऱ्या बाईसाठी लोक एवढं करणार नाहीत?"

मागे भाऊ उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हा माझंच भाषण मला ऐकवणार, आणि मी त्या लायकीचा होतोच. त्याने नुसतं खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

कंपनीचं उत्तर आलं ते सगळ्यांवर कडी करणारं होतं. आईला तर त्यांनी नाकारलंच. पण कागदावर खोटी माहिती दिली, आणि वर पत्र लिहून तीच पुन्हा ठासून सांगितली, म्हणून माझा आणि सुनीताचाही अर्ज फेटाळला! सुनीताने ते पत्र घडी करून देवघराच्या खणात ठेवलं. ती रागावली नाही. ती मला फक्त दोन दिवस 'अहो' म्हणाली नाही.

तुकडा काढला तो दिवस आणि त्याचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस, ह्यांत हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. आईची मशेरी बंद केली होती. तिचं डोकं ठणकायचं, हात थरथरायचे, आणि सकाळी उठून ती मागच्या दारात जाऊन नुसती उभी राहायची. मी तिला टूथपेस्ट नेऊन दिली. "हे पोरांचं गोड गोड काय देतोस?" म्हणून तिने ती कोंबड्यांपुढे टाकली. वहिनी तिच्या आसपास राहायची. एकदा आई तिला म्हणाली, "तुज्या हाताला बोल लावला गं म्या." वहिनी भांडी घासत राहिली. रडत होती, हे मला पाठीवरून कळलं.

भाऊ आणि मी रोज फोनवर बोलायचो. एरवी आम्ही दिवाळीत बोलतो. तो विचारायचा, "आलं का?" मी म्हणायचो, "नाही." मग तो म्हणायचा, "उद्या करतो."

रिपोर्ट घ्यायला आम्ही चौघे गेलो, वहिनीसुद्धा. हॉस्पिटलच्या बाकावर नंबरची वाट बघत होतो. आईने चंची सोडली. तिच्यात आता मशेरी नव्हती, रुमालाची पुरचुंडी होती. तिने ती माझ्या हातात दिली. मी उघडली तर आत तिच्या पाटल्या. आईच्या हाताकडे मी तोवर बघितलंच नव्हतं. मनगटं मोकळी होती, आणि जिथे पाटल्या असायच्या तिथे कातडी उजळ दिसत होती.

"ह्या मोड," ती म्हणाली. "म्या लावली, म्या भरते. तू सुनीताच्या वाटचं काई घालू नगं."

"आई, काय बोलतेस!"

"तूच म्हनलावतास की. जो करंल त्यानं भरावं. म्याबी व्हय म्हनले व्हते. तवा मला कुटं ठावं, म्याच करतीया." ती जरा थांबली. "सुरेस, लय जादा बसंल का रं माजं?"

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. टपरीवर आरडाओरडा करताना, पत्र लिहिताना, फोनवर भांडताना मला एकदाही लाज वाटली नव्हती. ती सगळी एकदम तिथे, त्या बाकावर वाटली. मी पाटल्या तिच्या हातात घालायला गेलो तर माझ्याच्याने त्या जाईनात. भाऊ उठला. त्याने आईचा पंजा दाबून, एकेक करून दोन्ही पाटल्या वर चढवल्या, बांगड्या भरणाऱ्या कासारासारख्या.

"आये, आसू दे हातात," तो म्हणाला. "तुजं काई जादा न्हाई. आमी दोगं कशाला हाय?"

मग नंबर आला. मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "कॅन्सर नाही." वहिनी तिथेच खाली बसली. डॉक्टर पुढे म्हणाले, "अजून नाही. चट्टा काढून टाकू. मशेरी कायमची बंद. आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, चुकवायचं नाही." त्यातला 'अजून' तेवढा मी घरी घेऊन आलो. तो अजून माझ्याजवळ आहे.

चट्टा काढला. खर्चाचं भाऊने आणि मी मिळून निभावलं. कसं ते सांगण्यात काही गंमत नाही. आई आता कडुनिंबाच्या काडीने दात घासते. सवय सोडलेल्या माणसाचा जो त्रास असतो तो आम्ही पूर्ण भोगतोय, कारण तिने गावातल्या बायकांच्या पुड्या हिसकावून ओढ्यात टाकायचा सपाटा लावलाय. दोन घरांतून भांडणं आली. कुणी उलट बोललं की ती ओठ मुडपून आतली शिवण दाखवते.

आणि मी अजून विमा शोधतोय. प्रत्येक कंपनी विचारते, 'ह्यापूर्वी आपला अर्ज नाकारला गेला आहे का?' होय लिहिलं की त्या कारण विचारतात, आणि कारण लिहिलं की त्यांचा फोन येणं बंद होतं. राजू म्हणतो, "सुरेशदा, तू विडी ओढायला लाग. 'होय' लिहिणाऱ्याला कंपनी जास्त घेऊन का होईना, पदरात घेते. तुझ्या 'नाही'वर आता कुणी विश्वास ठेवत नाही."

परवा आईला तिसऱ्यांदा दाखवायला घेऊन गेलो होतो. ती आत गेली. दार लागलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला, मधेच एक नर्स घाईने आत गेली. भाऊ बाहेर फाटकाजवळ उभा राहून ओढत होता. मी त्याच्याजवळ गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी हात पुढे केला आणि म्हणालो, "भाऊ, एक दे."

भाऊने माझ्याकडे खालून वर बघितलं, पाकीट खिशात घातलं आणि म्हणाला, "येडा झाला का? तुजा इमा न्हाई."